चेहऱ्यामागे चारशे

भुजंगरावच्या हेमराजनं ओहायोहून पैसे पाठवले:
वाढोण्याच्या शाळेची एक भिंत,
तिच्यावर दहा थोर अमेरिकन.
कोण ते गावानं ठरवावं.
मी पेंटर. आजवर बियाण्याच्या कंपन्यांची बोंडं काढली,
सरपंचाचे वाढदिवस, 'येथे थुंकू नये'.
दर ठरला चेहऱ्यामागे चारशे.

लिंकनवर कोणी काही बोललं नाही.
दाढी आली की लिंकन आला, मलाही सोपा.
वॉशिंग्टनला मात्र दोन दिवस लागले.
पहिलाच आहे, त्याला कसं वगळता, कुबडे सर म्हणाले.
मोहिनी वाढई, इयत्ता आठवी, मागून बोलली,
सर, त्याच्या शेतावर गुलाम होते.
सर खडू शोधू लागले.
खडू हातातच होता.

रहेमत मिस्त्री जिनिंगमधून थेट आले,
भुवयांवर रुईचा थर.
"व्हिटनी घ्या. त्याचं यंत्र नसतं तं माही चूल पेटली नसती."
"अन् तेच यंत्र आलं तं तिकडं गुलाम वाढले,"
निवृत्त तलाठी रोडे म्हणाले.
मग तेच रोडे, पान लावता लावता:
"त्यायची आपसात लढाई लागली
तं आपल्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं गेला.
त्या लढाईलेच द्या एक जागा."
मी विचारलं, लढाईचा चेहरा कसा काढू?

"अमेरिकन बोंडअळी काढ बे,"
उकंडराव पारावरून ओरडला,
"तिच्याएवढं नाव हाये का कोनाचं या गावात?"
सगळे हसले.
मग एकेक जण हसायचा थांबला,
कारण खरंच नव्हतं.

कार्व्हर भुईमुगाच्या डहाळ्यासकट बसला.
राइट बंधू एक चेहरा धरायचा की दोन,
त्यावरून माझं आणि सरपंचाचं वाजलं.
मोहिनीनं रोझा पार्क्स मागितली,
बसमधल्या जागेवरून न उठलेली.
फोटो मोबाइलवर सापडला,
पण बस मला एकच येते.
बाईच्या मागे लाल एसटी उतरली, राळेगाव आगार.
कोणी चूक काढली नाही.
शाळा सुटल्यावर मोहिनी बराच वेळ उभी होती,
भिंतीतल्या त्या खिडकीपाशी.

असे नऊ झाले.
दहाव्याच्या वेळी पुंजाबाई आत्राम उठली,
जिला बैठकीला बोलावलंच नव्हतं.
"बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो आली होती.
कडू लागे. लोक म्हनत, तिकडं डुकरं खातात.
पोट दुखे, पन पोट्टे वाचले.
थे ज्यानं धाडली, त्याले काढ."

सरांनी कोण्या राष्ट्राध्यक्षाचं नाव घेतलं.
"तो नाही बाप्पा. ज्यानं पोत्यात भरली, तो."
त्याचा फोटो कुठं मिळणार, बाई?
"पोत्यावर होतं नं. दोन हात, एकमेकात धरेल.
त्या पोत्याची मी चड्डी शिवली माह्या लक्षमनले,
हात बरोबर ढुंगनावर आले."
पोट्टे खिदळले. तीही हसली,
उरलेल्या तीन दातांनी.

मी ते हात काढले. दोन दिवस घातले.
नखांत थोडी माती टाकली, कुणाला न विचारता.

हेमराजनं व्हिडिओवर भिंत पाहिली.
तिकडं रात्र होती, तो स्वेटरमध्ये होता.
हा दहावा कोण, म्हणाला.
सर म्हणाले, आवाज तुटतोय.
त्यानं पुन्हा विचारलं, अगदी स्वच्छ ऐकू आलं.
सर म्हणाले, तुटतोय.

पैसे नऊचेच आले.
हातांना चेहरा नसतो, हिशेब बरोबर आहे.
पुढच्या बाजाराच्या दिवशी
माझ्या दारात कुणीतरी पायलीभर ज्वारी ठेवून गेलं,
जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली.
गाठ सोडून पाहिली.
पांढरी होती.